उधारीची वही आणि रोखीचे गिऱ्हाईक

चाकणचे नाव निघाले की जुन्या पिढीला भुईकोट किल्ला, १६६० साली शायिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे तो दीड महिन्याहून अधिक काळ लढविणारा फिरंगोजी नरसाळा आणि कांद्याची बाजारपेठ या गोष्टी आठवतात. नव्या पिढीच्या डोळ्यांसमोर येतात ते कारखाने. पुणे-नाशिक महामार्ग आणि तळेगाव-शिक्रापूर रस्ता जेथे एकमेकांस छेदतात तेथे वसलेले खेड तालुक्यातील हे बाजाराचे गाव गेल्या पाव शतकात ओळखू येऊ नये इतके पालटले आहे. बजाज ऑटोचा कारखाना येथे १९९९ च्या सुमारास उभा राहिला. फोक्सवॅगनचा २००९ साली सुरू झाला. सुटे भाग पुरविणारे लहानमोठे कारखाने महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांच्या शिवारांत पसरले. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४१ हजार लोकवस्ती असलेल्या चाकणला २०१५ साली नगरपरिषद मिळाली.

या शिवारांत जेथे पूर्वी कांदा आणि बटाटा पिकत असे, तेथे आज भाड्याच्या खोल्यांच्या रांगा आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, बिहार आणि उत्तर प्रदेश येथून आलेले तरुण एकेका खोलीत चौघे-पाचजण मिळून राहतात. अशा रांगांच्या तोंडाशी एखादे किराणा दुकान हटकून असतेच. दुसरीकडे, लगतच्या पिंपरी-चिंचवड शहरात मोठमोठी साखळी दुकाने उभी राहिली आहेत. एका छपराखाली हजारो वस्तू, छापील किमतीहून कमी दर, ढकलगाडीत हवे ते स्वतः उचलून घेण्याची मुभा आणि हातात पक्के बिल, हे त्यांचे आकर्षण. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुटुंबासह तेथे जाऊन वाणसामान भरणे हा नोकरदार मध्यमवर्गाचा आता जवळजवळ कुलाचार झाला आहे.

या स्थित्यंतराची चर्चा बहुधा दोन टोकांवर होते. एक पक्ष कोपऱ्यावरच्या वाण्याच्या आपुलकीचे गोडवे गातो. दुसरा पक्ष स्वस्त ते चांगले, एवढेच ऐकवून मोकळा होतो. दुकानदार आणि ग्राहक यांच्यातील व्यवहाराचा खरा आर्थिक आशय काय, हा प्रश्न दोघेही टाळतात. त्याचे उत्तर चाकणसारख्या औद्योगिक गावात जितके स्पष्ट दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसेल.

महिना सदतीस दिवसांचा

नव्याने कामावर लागलेल्या कंत्राटी कामगाराचा पहिला महिना विचारात घ्यावा. तो एक तारखेला कामावर हजर झाला असे मानू. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत दिले जावे, असा कायद्याचा दंडक आहे. ठेकेदाराने हा नियम तंतोतंत पाळला तरीही या कामगाराच्या हाती पहिला पगार पडतो तो सदतिसाव्या दिवशी. गावाहून आणलेले पैसे खोलीच्या अनामत रकमेत आणि प्रवासात संपलेले असतात. मधल्या सदतीस दिवसांत त्याच्या पोटाची सोय कोण करतो?

ती सोय बँक करीत नाही, कारण त्याच्याजवळ तारण नसते, कायमचा पत्ता दूरच्या जिल्ह्यातला असतो आणि नोकरीची शाश्वती तर नसतेच. ती सोय करतो खोल्यांच्या तोंडाशी बसलेला दुकानदार. तो कागदपत्रे मागत नाही. पण कोणत्या कंपनीत, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणाच्या ओळखीने आला आणि कोणत्या खोलीत राहतो, एवढे तो नेमके विचारून घेतो. मग वहीत एक पान उघडले जाते. तांदूळ, डाळ, तेल, अंगाचा साबण, मोबाइलचा रिचार्ज असे त्यावर चढत जाते आणि पगार झाला की पान मिटते. कर्ज घेणाऱ्याविषयीची माहिती कर्ज देणाऱ्याकडे नसली की पतपुरवठा आटतो, हा विचार जॉर्ज अॅकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी बाजारातील विषम माहितीचे जे विवेचन केले त्यातून पुढे आला. त्या विवेचनासाठी त्यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या माहितीअभावी बँक हात आखडता घेते ती माहिती दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्या गोळा करीत असतो.

या व्यवहाराची साखळी उलगडून पाहिली की एक चमत्कारिक वस्तुस्थिती समोर येते. कामगार आपले श्रम महिनाभर आधी देतो आणि मोबदला नंतर घेतो. म्हणजे तो ठेकेदाराला आणि पर्यायाने कारखान्याला आपले श्रम उधार देतो. त्याला ते परवडावे म्हणून दुकानदार त्याला धान्य उधार देतो. याचा अर्थ असा की, जगभर मोटारी विकणाऱ्या उद्योगांच्या खेळत्या भांडवलाचा एक बारीकसा हिस्सा दहा बाय बाराच्या किराणा दुकानातून येतो. ज्याच्याजवळ भांडवल सर्वांत थोडे, त्यानेच सर्वांत मोठ्यास उधार दिलेले असते.

रोखीच्या गिऱ्हाइकाचे मोल

ही उधारी दुकानदार दानधर्म म्हणून देत नाही. छापील कमाल किमतीत एक पैशाची सूट न देणे, सुट्या डाळीला रुपया-दोन रुपये अधिक लावणे, यांतून तिचे व्याज अप्रत्यक्षपणे वसूल होत असते. तरीही केवळ उधारीच्या गिऱ्हाइकांवर कोणतेच दुकान चालू शकत नाही. घाऊक व्यापाऱ्याला ठरावीक मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ते येतात रोखीच्या गिऱ्हाइकाकडून. आता रोख म्हणजे नोटाच असे नव्हे. मोबाइलवरून तत्काळ होणारा भरणाही रोखच. गावातला शिक्षक, बँकेतला कारकून, ग्रामसेवक, कारखान्यातला कायम नोकर हे महिन्याची मोठी यादी देऊन पहिल्या आठवड्यात पैसे चुकते करणारे लोक. त्यांच्या पैशातून घाऊक व्यापाऱ्याची देणी भागतात आणि उधारीची वही पुढचा महिनाभर उघडी राहते.

हिशेबाच्या सोयीसाठी एक काल्पनिक दुकान घेऊ. महिन्याची विक्री तीन लाख रुपये. त्यांपैकी निम्मी रोखीची, निम्मी उधारीची. सरासरी दहा टक्के सुटतात असे धरले तर ढोबळ नफा तीस हजार होतो. गाळ्याचे भाडे, वीज आणि मदतनिसाचा पगार मिळून चौदा हजार वजा जाता सोळा हजार उरतात; त्यांवर एक कुटुंब राबते आणि जगते. आता रोखीच्या विक्रीपैकी एक लाख रुपयांच्या याद्या मोठ्या दुकानाकडे वळल्या. विक्री दोन लाखांवर आली, नफा वीस हजारांवर उतरला. खर्च मात्र चौदा हजारच राहिला. हाती उरले सहा हजार. उधारीचा दीड लाखांचा बोजा तसाच राहिला. अशा स्थितीत एक-दोन कामगार पगार झाल्याच्या रात्री खोली सोडून गेले आणि पाच हजार बुडाले, तर त्या महिन्याची कमाई जवळजवळ शून्य.

शहाणा दुकानदार अशा वेळी काय करील? तो प्रथम नव्या माणसाला वहीत घेणे बंद करील, नंतर जुन्यांची मर्यादा कमी करील आणि अखेरीस ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी लावील. या पाटीचा चटका नोकरदाराला बसत नाही; तो बसतो सदतीस दिवसांच्या फटीत अडकलेल्या कामगाराला. वही मिटल्यावर त्याच्यासमोर बँकेचा दरवाजा उघडत नाही. उघडतो तो खाजगी सावकाराचा, किंवा मोबाइलवर मिनिटाभरात कर्ज देऊ करणाऱ्यांचा. मध्यमवर्गीय कुटुंबाची यादी एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाते तेव्हा तिच्याबरोबर अशा रीतीने दुसऱ्याची पतही जात असते. याची जाणीव यादी लिहिणाऱ्याला नसते. त्यामुळे त्याला दोषही देता येत नाही.

याशिवाय पैशाच्या फिरण्याचा प्रश्न आहे. लहान दुकानाच्या गल्ल्यातून रोज संध्याकाळी पतसंस्थेच्या प्रतिनिधीकडे पिग्मीचे पैसे जातात. तीच पतसंस्था गावातल्या रिक्षावाल्याला आणि शिलाई यंत्र घेणाऱ्या बाईला कर्ज देते. साखळी दुकानाचा गल्ला मुख्य कचेरीच्या खात्यात जमा होतो. मात्र या मुद्द्याचा फार ताण देऊ नये. दोन्ही दुकानांतला साबण त्याच कंपनीचा असतो आणि त्याची किंमत बहुतांशी गावाबाहेरच जाते. दुकानदार मराठी की मारवाडी, हा प्रश्न तर येथे सर्वस्वी गैरलागू आहे. ज्याची वही गावात उघडते तो व्यापारी गावाचा, एवढेच माप अर्थशास्त्राला पुरेसे आहे.

दुसरी बाजू

मोठ्या दुकानांचा कैवार घेणाऱ्यांचे म्हणणे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नाही. सहा हजारांच्या यादीत पाचशे रुपये वाचले असे धरले, तर वर्षाला सहा हजार होतात. शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरात हा आकडा उपेक्षणीय नाही. चाकणच्या चौकातली वाहनांची कोंडी, जाण्यायेण्याचे पेट्रोल आणि यादीत नसताना ढकलगाडीत पडलेल्या वस्तू यांचा हिशेब मांडला तर बचत घटते हे खरे. तरी ती नाहीशी होते असे म्हणता येणार नाही. ही स्वस्ताई निव्वळ जाहिरातबाजीतून आलेली नाही. डी-मार्टचे उदाहरण घ्यावे. या साखळीच्या संस्थापकांनी १९९९ साली नवी मुंबईत नेरुळ येथे ‘अपना बाजार’ या सहकारी संस्थेची फ्रँचायझी घेऊन किरकोळ व्यापाराचे धडे गिरवले आणि २००२ साली पवईत पहिले स्वतःचे दुकान उघडले. शक्यतो स्वतःच्या मालकीची जागा, झटपट खपणाऱ्या मोजक्या वस्तू, पुरवठादारांना लवकर पैसे देऊन मिळविलेली सूट आणि थोडक्या नफ्यावर मोठी विक्री, ही त्यांची पद्धत. मार्च २०२५ अखेर त्यांची दुकाने चारशेच्या पुढे गेली होती.

मोठ्या दुकानाचा दुसरा गुण पैशात मोजता येत नाही. तेथे भाव लिहिलेला असतो आणि तो सर्वांना सारखा असतो. वस्तू हातात घेऊन पाहता येते. कोणाची जात, गाव, भाषा कोणी विचारीत नाही. ज्या माणसाला दुकानाच्या पायरीखाली उभे राहून हिंदीत तांदूळ मागताना संकोच वाटतो त्याला ढकलगाडी घेऊन मोकळेपणी हिंडताना काय वाटत असेल, हे समजून घेतले पाहिजे. उलटपक्षी, लहान दुकानांतले दोष सर्वांना ठाऊक आहेत. बिल मागितले की कपाळाला आठी पडते. कमाल किंमत ही केवळ मर्यादा आहे, तिच्याहून कमी भावात विकण्यास कोणताही कायदा आड येत नाही. पण दुकानदार तिलाच निश्चित भाव मानतो. २००९ च्या वैध मापनशास्त्र कायद्याने काट्यांची वेळोवेळी पडताळणी बंधनकारक असूनही काट्याविषयी संशय राहतोच. काही औद्योगिक वस्त्यांत खोलीचा मालक तोच दुकानाचा मालक असतो. तेथे भाडेकरूने दुसरीकडून माल आणणे त्याला खपत नाही. अशा ठिकाणी उधारीची वही ही सोय न राहता दावे बनते. लहान ते सारे पवित्र, असे मानण्याचे म्हणूनच काही कारण नाही.

कायद्याने काय साधते?

मोठ्या दुकानांना कायद्याने आवर घालावा, ही सूचना जुनी आहे. फ्रान्सने १९७३ साली रॉयर कायदा करून मोठ्या दुकानांना स्थानिक समितीची मंजुरी आवश्यक केली. जपानने त्याच वर्षी असाच कायदा केला. तेथे मोठे दुकान काढण्यापूर्वी आसपासच्या लहान व्यापाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागत आणि त्या वर्षानुवर्षे चालत. अखेर २००० साली तो रद्द झाला. दरम्यान ग्राहकाने चढे भाव सोसले ते सोसलेच आणि लहान दुकानांची घसरणही थांबली नाही.

भारतात २०१२ च्या सप्टेंबरात बहुविध वस्तूंच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी भांडवलाला परवानगी मिळाली तेव्हा २० सप्टेंबरला देशभर बंद पाळला गेला. दहा लाखांहून अधिक वस्तीची शहरे, किमान दहा कोटी डॉलरची गुंतवणूक, तीस टक्के खरेदी लहान उद्योगांकडून आणि राज्य सरकारची संमती, अशा अटी घालण्यात आल्या. सगळा वाद परदेशी कंपन्यांभोवती फिरत राहिला. प्रत्यक्षात चाकणच्या दुकानदाराला ज्यांच्याशी सामना करावा लागत आहे त्या साखळ्या मुख्यतः देशी भांडवलाच्या आहेत आणि त्यांना यांपैकी कोणतीच अट लागू नव्हती. शत्रू वेशीवर येईल म्हणून पहारा बसविला आणि स्पर्धक गावातूनच उभा राहिला, असा हा प्रकार झाला. शिवाय साखळ्याही अमर नसतात. २००१ साली सुरू झालेले ‘बिग बझार’ एके काळी देशातील किरकोळ व्यापाराचे प्रतीक मानले जात असे. २०२२ साली त्याची अनेक दुकाने दुसऱ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली आणि कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. गावची दुकाने मोडून पडल्यावर अशी वेळ आली, तर ग्राहकाने कोठे जावे?

सहकाराचा विसरलेला धडा

लहान दुकानदाराची खरी दुर्बलता विक्रीत नाही, खरेदीत आहे. तो घाऊक व्यापाऱ्याकडून दोन पोती साखर घेतो. साखळी दुकान मालमोटारी भरून घेते. भावातला बहुतेक फरक तेथेच पडतो. हा फरक मिटविण्याचा उपाय जर्मनीतील किराणा दुकानदारांनी १८९८ साली शोधला. बर्लिनमधील काही दुकानदारांनी एकत्र येऊन सामुदायिक खरेदीसाठी सहकारी संस्था काढली. तिच्या नावाच्या आद्याक्षरांतून ‘एडेका’ हे नाव रूढ झाले आणि आज ती जर्मनीतील सर्वांत मोठी किराणा व्यापारसंस्था आहे. दुकाने दुकानदारांच्या मालकीची राहिली, खरेदी मात्र एकत्र झाली. वॉलमार्टसारख्या अजस्र कंपनीला २००६ साली जर्मनीतून काढता पाय घ्यावा लागला. त्याची कारणे अनेक होती. पण संघटित स्पर्धकांची तयारी हे त्यांतले एक होते.

महाराष्ट्राला हा धडा परदेशातून शिकण्याची गरज नाही. १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी ग्राहक म्हणून एकत्र येऊन ‘अपना बाजार’चा पाया घातला. प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारून दाखविला. शेतकरी एकत्र आला, ग्राहक एकत्र आला, पगारदारांच्या पतपेढ्या निघाल्या; किराणा दुकानदार मात्र शेजारच्या दुकानदाराला शत्रू मानीत एकटाच राहिला. चाकण, महाळुंगे, कुरुळी या पट्ट्यातील शंभर दुकानदारांनी मिळून तेल, साखर, डाळी आणि साबण यांची खरेदी एकत्र केली तर घाऊक भावातले अंतर बरेच घटेल. खेड कृषी उत्पन्न बाजार समितीचे आवार चाकणमध्येच आहे; कांदा-बटाटा तर दाराशी येतो. उणीव आहे ती एकमेकांवरील विश्वासाची.

दुसरी जबाबदारी कारखान्यांची आणि ठेकेदारांची आहे. सदतीस दिवसांचा भार दुकानदाराने आणि त्याच्या रोखीच्या गिऱ्हाइकांनी का वाहावा? नव्या कामगाराला पहिल्या महिन्यात दर आठवड्याला पगारापोटी उचल देण्याची अट मुख्य कंपनीने ठेकेदाराशी करावयाच्या करारातच घालावी. गाड्यांच्या एका तुकडीच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य आहे; पण वहीवरचा निम्मा ताण तिने हलका होईल. उधारीचा खर्च जसजसा कमी होईल तसतसा दुकानदारालाही भाव उतरविणे शक्य होईल.

यादीचा निर्णय

हे सारे घडेपर्यंत शिक्षकाने, कारकुनाने काय करावे? त्याने त्याग करावा, अशी अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. त्यागावर बाजार चालत नाही. परंतु त्याच्या हाती एक साधन आहे आणि ते त्याने अद्याप वापरलेले नाही. तो रोखीचे गिऱ्हाईक आहे आणि रोखीचे गिऱ्हाईक टिकविणे हा दुकानदाराच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे. त्याने यादी दुकानात न्यावी आणि रोखीची सूट मागावी, पक्के बिल मागावे, काटा आपल्या समोर ठेवण्यास सांगावे. पाचशेंपैकी अडीचशे रुपये जरी घरापासून हाकेच्या अंतरावर सुटले तरी उरलेल्या अडीचशेंसाठी महामार्गावरची रांग आणि बुडालेला रविवार परवडतो का, याचा हिशेब त्याने स्वतःच करावा. ज्या वस्तूंत फरक खरोखरच मोठा आहे त्या मोठ्या दुकानातून आणण्यास कोणाची हरकत असू नये. सूट आणि बिल देण्यास जो दुकानदार साफ नकार देईल त्याला गिऱ्हाईक गमावल्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार राहणार नाही.

तथापि, एकही शब्द न बोलता सगळीच यादी उचलून दुसरीकडे नेली जाते, तेव्हा बाजाराला सुधारण्याची संधीच मिळत नाही. दुकान एका दिवसात बंद पडत नाही. आधी मालाच्या फळ्या विरळ होतात, मग वही मिटते आणि त्यानंतर कुलूप दिसते. कुलूप सर्वांना दिसते. वही कधी मिटली हे मात्र त्या नव्या कामगाराखेरीज कोणाच्या ध्यानातही येत नाही. चाकणचे कारखाने त्याच्याच श्रमावर उभे आहेत, आणि शिक्षकांचे, कारकुनांचे पगार ज्या समृद्धीतून येतात तिच्यातही त्याचा वाटा आहे. महिन्याची यादी लिहिताना एवढा संबंध ध्यानात ठेवला, तर यादी कोठे द्यायची याचे उत्तर केवळ छापील भावावरून ठरणार नाही.